यंदा वल्हांडणाला लाल

५ मार्च १९००, सोमवार

योआखिम या वहीत फक्त मळ्याचं लिहायचा. पाऊस किती पडला, थंडी किती, कुठल्या ओळीला कीड. त्याला जाऊन सतरा महिने झाले. वही अर्धी कोरी आहे आणि कागद वाया गेलेला मला बघवत नाही, म्हणून आता मी लिहिते. कीड कुठे लागलीये एवढंच लिहीन म्हणते.

आज ठरवलं. यंदा वल्हांडणाला, मिसरच्या गुलामीतून सुटल्याच्या आमच्या सणाला, माझ्या टेबलावर लाल वाइन.

बाहेरच्याला वाटेल यात काय एवढं. पण ड्रोबनेत्समधल्या आम्हा चौतीस ज्यू घरांना सणाची वाइन माझ्या तळघरातून जाते आणि ती पांढरीच जाते. सासूबाईंच्या वेळी पांढरी, त्यांच्या सासूच्या वेळी पांढरी. शास्त्र तर म्हणतं, मिळत असेल तर लालच घ्या. मग आम्ही पांढरी का पितो? विचारलं की सगळे म्हणतात, आपल्याकडे अशीच पद्धत आहे. योआखिमला हे उत्तर कधी पटलं नाही. आम्हाला जमीन घ्यायची मुभा मिळाली तशी त्याने टेकडीवरचा मळा लिलावात घेतला आणि पुढे वरच्या चार ओळींत लाल द्राक्षं लावली. अठ्ठ्याण्णवच्या तोडणीच्या छत्तीस बाटल्या निघाल्या. तोडणी त्याने पाहिली, चव घ्यायची राहिली.

दीर आला होता, इग्नात्स. आमच्या समाजाचा अध्यक्ष, कापडाचा दुकानदार, आणि सावलीला सुद्धा नमस्कार घालणारा माणूस. मी लालचं बोलले तसा त्याचा चेहरा चुन्यासारखा झाला. म्हणाला, वहिनी, गेल्या वर्षी तिकडे बोहेमियात एक मुलगी जंगलात मेलेली सापडली. आपल्यातल्या एका फिरस्त्याला त्यापायी फाशी सुनावली. दारूच्या गुत्त्यात लोक अजून म्हणतात, ज्यूंना सणाला ख्रिस्ती रक्त लागतं. आणि तू टेबलावर लाल ठेवणार? मी म्हटलं, मग काय मी बीट खायचं पण सोडू?

अपोलेनाला बुचं तपासायला तळघरात पाठवलं तर तोंडावर हात धरून पळत वर आली. वास सहन होत नाही म्हणे. चार वर्षं माझ्याकडे कामाला आहे, याच वासात वाढली. मी म्हटलं, उकडलेले गोळे जरा कमी खा, महिन्याभरात तीनदा घागरा सैल केलास. तर रडायलाच लागली. हल्लीच्या पोरींना काही बोलायची सोय नाही.

८ मार्च, गुरुवार

लेओपोल्ड गुरुजींकडे गेले. शहात्तर वर्षांचे आहेत, शाळेतली नोकरी संपली तरी प्रार्थनाघराची जुनी स्मरणवही त्यांच्याच कपाटात असते. आमच्यातल्या मारलेल्या माणसांची नावं तिच्यात लिहिलेली आहेत. मला हिब्रू अक्षरं लागतात, अर्थ लागत नाही. म्हटलं, पांढऱ्या वाइनचं कुठे लिहिलं असेल तर वाचून दाखवा. त्यांनी तपकीर ओढली, दोनदा नको म्हणाले, आणि मग भिंग धरून वाचलं.

दोनशे सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. वल्हांडणाच्या आधी गावातल्या चांभाराचा सात वर्षांचा पोरगा नाहीसा झाला. एका ज्यूच्या घरात लाल वाइनचं मडकं सापडलं. तिघांना धरलं. एक काचा बसवणारा, एक त्याचा जावई आणि एक द्राक्षमळ्याचा राखणदार, पेरेत्झ नावाचा. हातपाय पिळल्यावर तिघांनी कबूल केलं. तिघांना बाजारात जाळलं. आमची माणसं तेव्हा ज्या टेकडीवर मळा कसत होती ती टेकडी गावाने काढून घेतली. आणि खाली आमच्याच पंचांनी लिहिलं, आजपासून या गावात वल्हांडणाला फक्त पांढरी.

मला वाटलं संपलं. गुरुजींनी पान उलटलं. द्राक्षाच्या तोडणीला पोरगा परत आला. गुराख्यांच्या मागे मागे हंगेरीच्या हद्दीपर्यंत गेला होता. गावाने त्याला नवा कोट शिवून दिला.

मी विचारलं, आणि टेकडी?

"टेकडी कशी परत देतील, बाबेट? पोरगा आला काय नि न आला काय, टेकडी तर हाताशी आली होती."

मग मी तो प्रश्न विचारला जो लहान असताना बापाला विचारला होता आणि कानाखाली खाल्ली होती. हे सगळं येतं कुठून? गुरुजी बराच वेळ बोलले. आधी म्हणे देवावरून भांडण. एकाच घरातला धाकटा वेगळा झाला, मोठा झाला, आणि थोरला अजून आपलं जुनं सोडत नाही याचा त्याला राग. दर गुड फ्रायडेला देवाला मारल्याचा आळ नव्याने वाचून दाखवायचा. मग राजे आले, कारागिरांचे संघ आले. शेती नाही, सुतारकाम नाही, लोहारकाम नाही, तुम्ही व्याजाने पैसे द्या, कारण आमच्या धर्मात ते पाप. आणि व्याज घेतलं की म्हणायचं, बघा हे कसे. हात बांधायचे आणि मग हे हाताने काम करत नाहीत म्हणून ओरडायचं. रोगराई आली की विहिरीत यांनीच विष टाकलं. आता नवे पेपरवाले म्हणतात, धर्माचं काही नाही हो, यांचं रक्तच वाईट. म्हणजे बाप्तिस्मा घेऊनही सुटका नाही.

मी म्हटलं, गुरुजी, आपण दोनशे वर्षं पांढरी प्यालो ती त्यांना पटावं म्हणून. त्यांना पटलं का? त्यांनी वही मिटली. घरी येताना इतका संताप झाला की बेकरीवाल्याशी विनाकारण भांडले.

१८ मार्च, रविवार

अपोलेना गेली. सकाळी चर्चला म्हणून निघाली ती संध्याकाळपर्यंत आली नाही. पेटी आहे, हिवाळी शाल नाही. दोन ॲप्रन दोरीवर वाळत आहेत. मी काल तिला बशी फुटली म्हणून बोलले होते. एका बशीसाठी कुणी घर सोडतं का?

२१ मार्च, बुधवार

तिचा बाप येऊन गेला, पलीकडच्या गावाहून. दारू प्यालेला. पोरगी दे म्हणाला. मी म्हटलं, मीच तुला विचारणार होते. त्याने दाराला लाथ मारली. पोरगी पळून त्याच्याकडे का गेली नाही ते मला कळलं.

चौकातल्या पंपावर पाण्याला गेले तर बायका गप्प झाल्या. आमची शेजारीण कातेरझिना ब्लाहोवा तिथेच होती. तीस वर्षांची आमची ओळख. ईस्टरला ती मला रंगवलेली अंडी देते, मी तिला आमची बेखमीर भाकरी देते. सगळ्यांसमोर तिने मला विचारलं, तू तिला शेवटचं कधी पाहिलंस, बाबेट? तळघरात होती का? मी म्हटलं, नाही गं, दारात. एवढ्या मोठ्यानं कशाला विचारतेस? तर तिची नजर दुसरीकडे. काळजी वाटत असणार, पोरगी तिच्याकडेही कपडे धुवायला जायची.

तिचा मुलगा मेतोदेय सगळ्यात जास्त भडकलाय. चोवीस वर्षांचा घोडा, गुत्त्यात टेबल बडवून म्हणतो, म्हातारीच्या तळघरात लाल बाटल्या आहेत, त्यात काय आहे ते बघा. त्या पोरीवर जीव होता वाटतं बिचाऱ्याचा. दुःखात माणूस काहीही बोलतो.

आणि एक लिहायचं राहिलंय, खरं लिहायचं तर. लग्न होऊन मी नवीन आले तेव्हा कातेरझिनाने कुंपणावरून मला वाइनचा पेला दिला होता. आमच्यात परक्या हातची वाइन चालत नाही. मी तिच्यादेखत तो गवतावर ओतला. समजावून सांगायला हवं होतं, तेव्हा मी एकोणीस वर्षांची गर्विष्ठ गाढव होते. तिने कधी बोलून दाखवलं नाही. तसं टेकडीच्या लिलावात तिच्या सासऱ्याची बोली आमच्यापेक्षा खाली पडली, तेही ती कधी बोलली नाही. पेला ओतल्याचा राग मी समजू शकते. त्याच्यावरून माणसं जाळत नाहीत.

२७ मार्च, मंगळवार

झडती झाली. हवालदार कोउदेल्का आणि दोन पोलीस. तळघरातली माती काठीने टोचून पाहिली, कोबीच्या पिंपात हात घातला. लोणच्यासारखा वास घेऊन बिचारा वर आला. लाल बाटल्या मोजल्या, कागदावर लिहिल्या. एक फोडतो म्हणाला. मी म्हटलं, हवालदारसाहेब, तुमच्या हाताने उघडलीत तर ती सणाला चालणार नाही, बाकी तुमची मर्जी. त्याने बाटली जागेवर ठेवली. वाईट माणूस नाही. पण वाईट माणसांचा कागद त्याच्या खिशात होता.

२ एप्रिल, सोमवार

आज हसले. या महिन्यात पहिल्यांदा.

प्रार्थनाघरामागच्या भट्टीत बेखमीर भाकऱ्या भाजायच्या होत्या. पिठात काय मिसळतात ते बघायला कोउदेल्काला उभं केलेलं. पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांत भाकरी भट्टीत गेली पाहिजे, नाहीतर पीठ फुगतं आणि सगळं बाद. दर वर्षी गुरुजी घड्याळ धरतात, पण त्यांना आता काटे दिसत नाहीत. कोउदेल्का नुसता उभा होता आणि त्याच्याकडे सरकारी घड्याळ होतं. मी म्हटलं, उभेच आहात तर वेळ बघा. पहिल्या खेपेला तो लाजला. चौथ्या खेपेला ओरडायला लागला, "सोळा झाली, बायांनो, हात चालवा!" एक तुकडी साडेअठराला पोचली तर त्याने स्वतः ती बाजूला काढायला लावली. बायकांनी हुज्जत घातली, तो ऐकेना. म्हणाला, नियम म्हणजे नियम.

जाताना मला हळूच म्हणाला, बाई, यात तर पीठ आणि पाणीच आहे. मी म्हटलं, आठशे वर्षं हेच सांगतोय.

५ एप्रिल, गुरुवार

स्वयंपाकघराची काच फोडली. दगडाला कागद गुंडाळलेला होता, त्यावर काय लिहिलं होतं ते या वहीत येणार नाही. ही योआखिमची वही आहे.

इग्नात्स आला. या वेळी बसला, टोपी हातात फिरवत होता. लाल बाटल्या ओढ्यात ओत म्हणाला, सगळ्यांदेखत ओत, म्हणजे लोक शांत होतील. मी म्हटलं, ओतल्या तर म्हणतील पुरावा नष्ट केला. तो म्हणाला, मग लेकीकडे व्हिएन्नाला जा. तिचंही पत्र आलंय, आई ये, इथे कुणी विचारत नाही कोण ज्यू नि कोण काय. तिथे विचारत नाहीत म्हणे! त्यांचा महापौर ज्यूंना शिव्या घालूनच निवडून आला, ते पेपरात मीही वाचते.

"वहिनी, चौतीस घरं आहेत," तो म्हणाला. "तुझ्या एका पेल्यासाठी पोराबाळांच्या अंगावर लोक आले तर?"

तो गेल्यावर तळघरात उतरले, पहिल्या बाटलीचं मेण खरवडलं, बादली खाली ठेवली. खरंच ओतणार होते. मग मनात आलं, पंचांनी तेव्हा असंच ठरवलं असेल. चांगली माणसं होती, पोराबाळांचीच काळजी होती. आणि त्यांनी जे केलं त्याने आम्ही न केलेला गुन्हा दर वर्षी आमच्याच पेल्यात कबूल होत राहिला. बाटलीला पुन्हा मेण लावलं. हात भाजला, भाजू दे.

इग्नात्सला निरोप धाडला. लाल माझ्या एकटीच्या घरी, बाकी तेहेतीस घरांना पांढरी पाठवते. यायचं नसेल तर येऊ नकोस. त्याने येणार नाही म्हणून कळवलं.

१२ एप्रिल, गुरुवार

अपोलेना जिवंत आहे.

तिचं पत्र आलं, ब्रनोहून, लेकीच्या पत्रासोबत व्हिएन्नाच्या पाकिटात घालून. पोरगी हुशार आहे. गरीब बायकांच्या बाळंतघरात आहे, दिवस भरत आलेत. मी एक म्हातारी गाढव, घागरे सैल होत होते आणि मी गोळ्यांना दोष देत होते. लिहिते की बाळाच्या बापाचं नाव सांगायचं नाही असं तिने वचन दिलंय. बाबांना सांगू नका, कुठे आहे ते कळलं तर ते मला जिवंत ठेवणार नाहीत. आणि पुढे हे, जसंच्या तसं उतरवते: "कातेरझिना मावशींनी गाडीत बसवलं, खर्चाला दिलं. त्या म्हणाल्या की मी मालकीणबाईंना सगळं समजावीन. तुम्ही रागावला नाहीत ना?"

कातेरझिनाने मला काही समजावलं नाही. एक शब्द नाही. तिनेही पोरीला वचन दिलं असणार, बापाच्या भीतीने गप्प असेल. तसंच असेल. पण मग पंपावर तिने ते तळघराचं

नको. उद्या सण आहे. असल्या विचारांनी घरात शिरायचं नाही.

हा कागद दाखवला तर सगळं आज संपतं. कोउदेल्का भला आहे, पण त्याला अहवाल लिहावा लागेल, अहवाल वर जाईल, दहा जण वाचतील, आणि रविवारच्या आत तिचा बाप त्या बाळंतघराच्या दारात असेल. मी इग्नात्सला सांगितलेलं नाही. तो धावतच चौकात वाचून दाखवील.

१३ एप्रिल, शुक्रवार, सकाळ

यंदा आमचा सण आणि त्यांचा गुड फ्रायडे एकाच दिवशी आलाय. चर्चच्या घंटा कालपासून गप्प आहेत, पोरं लाकडी करकऱ्या फिरवत येशूला धरून देणाऱ्या जूडासला हाकलत गावभर हिंडताहेत.

सणाआधी घरातलं खमीर शोधून अंगणात जाळायचं असतं. पावाचे तुकडे, कपाटाच्या फटीतला चुरा, सगळं आगीत टाकलं. मग खिशातलं पत्र काढलं. तीनदा वाचलं होतं, चौथ्यांदा वाचलं. माझ्या घराचं रक्षण करील असा एकच कागद जगात होता आणि तो एका पोरीला मारू शकत होता. टाकला आगीत. कातेरझिना कुंपणापलीकडून बघत होती, काय जाळतेस विचारलं. खमीर, म्हटलं.

आता सूर्य मावळल्यावर लिहिता येणार नाही, सोमवारपर्यंत नाही. तोवर मी असेन असं धरून चालते.

१६ एप्रिल, सोमवार

सणाच्या मधल्या दिवसांतही लिहू नये म्हणतात. देवाला माझा स्वभाव माहीत आहे.

शुक्रवारी संध्याकाळी टेबलावर मी आणि गुरुजी, दोघंच. पडदे काढून ठेवले होते, फुटक्या काचेवर पुठ्ठा लावला होता तोही काढला. ज्याला बघायचं त्याने बघावं. पहिला पेला ओतला तेव्हा गुरुजींनी तो दिव्यापुढे धरला. मग म्हणाले, आयुष्यात प्रथमच. योआखिमची वाइन चांगली झालीये. जरा तुरट आहे, तोही होता. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

जेवणानंतर एलीया संदेष्ट्यासाठी पेला भरून ठेवायचा आणि घराचं दार उघडायचं, ही रीत. मी उठले तेव्हा करकऱ्यांचा आवाज गल्लीत शिरला होता. गुरुजी म्हणाले, राहू दे बाबेट, यंदा दार नको. मी म्हटलं, यंदाच तर.

दार उघडलं. चर्चमधून थेट आलेली तीसेक माणसं. पुढे कोउदेल्का, त्याच्या मागे मेतोदेय, आणि बायकांत कातेरझिना, काळी शाल डोक्यावरून घेतलेली. कोउदेल्का खाली बघत म्हणाला, बाई, तक्रार आहे, पेल्यात काय आहे ते तपासायचंय.

"या की. आम्ही एलीयाची वाट बघत होतो, तुम्ही आलात. पेला भरलेलाच आहे."

एलीयाचा पेला मी त्याच्या हातात दिला. त्याने आधी वास घेतला, मग घोट, मग दुसरा. मिशी पुसली. वाइन आहे, म्हणाला. आणि थोडं थांबून म्हणाला, चांगली आहे. मागे कुणीतरी हसलं. मेतोदेय ओरडला, हा त्यांचाच, त्यांच्या भाकऱ्या भाजायला उभा होता. मी त्याच्यापुढे पेला धरला. तू घे मग, तुला कळेल. तो एक पाऊल मागे सरला. एवढा घोडा, आणि माझ्या पेल्याला घाबरला. माझ्याकडे त्याला बघवेना.

मग मी कातेरझिनाला हाक मारली.

"तीस वर्षांपूर्वी तुझ्या हातचा पेला मी ओतला. ते माझं चुकलं, नीट सांगायला हवं होतं. आज माझ्या हातचा तू घे."

माणसं बाजूला झाली, ती पुढे आली. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. अपोलेना कुठे आहे ते त्या दारात दोघींनाच माहीत होतं, आणि मला माहीत आहे हे तिला त्या क्षणी कळलं. तिने पेला दोन्ही हातांनी धरला. सगळा प्याली. हनुवटीवरून शालीवर सांडलं. वाइनच आहे, म्हणाली. मेतोदेय, घरी चल. एवढंच. एक वाक्य आणखी बोलली असती तर! तिने ते वाक्य गिळलं आणि मुलाचा दंड धरून गेली. लोक पांगले. लांबून एक दगड आला, तो दाराच्या चौकटीला लागला.

गुरुजी म्हणाले, परक्या हाती गेली, ही बाटली आता आपल्याला चालणार नाही. मी दुसरी उघडली. आणि दार सणाची सगळी गाणी संपेपर्यंत उघडंच ठेवलं, थंडी वाजली तरी.

शनिवारी अंधार पडला, दुसऱ्या रात्रीच्या जेवणाची वेळ. मागच्या दारावर टकटक. इग्नात्स होता, कोटाच्या आत टोपली. आत येईना. मी विचारलं, पांढरी संपली का? तो बुटांकडे बघत म्हणाला, पांढरी आहे. मग काय हवंय? तो माझा दीर, तीस वर्षांत मी त्याला कुणासमोर मान वर करताना पाहिलं नाही.

"लाल दे, वहिनी. आणि माझ्या एकट्यासाठी नाही, मला धरून अकरा घरांनी सांगितलंय."

२६ एप्रिल, गुरुवार

अपोलेनाला मुलगी झाली. नाव बार्बोरा ठेवलंय. माझंच नाव, त्यांच्या साच्यातलं. मी अंगणात बसून दोन ॲप्रन, लोकरीचं टोपडं आणि आलुबुखाराचा मुरंबा बांधत होते. कातेरझिना कुंपणापाशी आली. सणानंतर पहिल्यांदा.

"मुलगा की मुलगी?"

असं कोण विचारतं? शेजारीण असं विचारत नाही. आवाजच वेगळा होता. मग माझ्या या जाड डोक्यात सगळं एकदम पडलं. मेतोदेय. त्याचं टेबल बडवणं, पेल्यापासून मागे सरणं. गाडीचा खर्च. आणि पंपावर तिने मोठ्याने विचारलेलं तळघर. पोराची लाज झाकायला तिने माझं घर पुढे केलं होतं. वर टेकडीची जुनी सल होतीच.

मुलगी, म्हटलं मी. टोपड्याची गाठ मारली. मग म्हटलं, रविवारी प्रार्थना सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर उभी राहा आणि सांग, अपोलेना ब्रनोला कामाला गेली, मीच तिला गाडीत बसवलं. बाळाचं सांगू नकोस, मेतोदेयचंही नको. ते तुझ्या घरातलं. पण हे सांग.

ती रडत म्हणाली, लोक विचारतील, मग महिनाभर गप्प का होतीस?

"हो, विचारतील. मीही तेच विचारतेय."

२९ एप्रिल, रविवार

कातेरझिना बोलली. मी पंपापाशी उभी होते. पहिल्यांदा इतक्या हळू बोलली की कुणाला ऐकू गेलं नाही. कोउदेल्का म्हणाला, मोठ्यानं. तेव्हा मोठ्यानं बोलली. मेतोदेय मागच्या दाराने निघून गेला. बरेच लोक खाली बघत पांगले. एकाने टोपी काढून मला नमस्कार केला. आणि माझ्या अगदी शेजारी उभी असलेली गवळीण दुसरीला म्हणाली, ज्यूंनी हिला पैसे चारले असतील.

पोरगा परत आला, टेकडी गेली ती गेलीच. गुरुजींनी सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसला नव्हता.

तशीच त्यांच्याकडे गेले. स्मरणवही काढा म्हटलं. ते म्हणाले, हिच्यात फक्त मेलेल्यांचं लिहितात. मी म्हटलं, यंदा जिवंतांचं लिहा. त्यांना ओळी नीट दिसेनात, तर मी बोट धरून त्यांची लेखणी पेरेत्झच्या नावाखालच्या कोऱ्या जागेवर नेऊन ठेवली. त्यांनी लिहिलं आणि वाचून दाखवलं: "या वर्षी ड्रोबनेत्समध्ये बारा घरांनी लाल प्याली. दारं उघडी होती."

उद्या मळ्यात दोन ओळी आणखी लालच्या लावते. चौतीस घरांना पुरायला हवी.